निपाणीचा कोट

वेंगुर्ल्यात थंडी पडत नाही. मार्गशीर्षात पहाटे समुद्रावरून थोडा गार वारा येतो, म्हातारी माणसे कानाला पंचा गुंडाळतात आणि ऊन वर आले की तोच पंचा सोडून खांद्यावर टाकतात. आमची थंडी एवढीच. त्यामुळे मी भर हिवाळ्यात बेळगाव-निपाणीकडे जाऊन आलो हे कळले की शाळेतले सहकारी पहिली चौकशी करतात ती तिकडच्या कपड्यांची. तिकडे माणसे अंगात घालतात तरी काय, आणि इतके घालून हलतात-डुलतात कशी, असे त्यांचे कुतूहल.

मी ह्या प्रवासाबद्दल लिहायचे बरेच दिवस टाळले. मध्ये काही हिवाळे गेले. शेवटी माझ्या भाचीलाच, इंदूला, विचारले. ती म्हणाली, "लिवा की, मामा. आता कुणापास्नं लपवायचंय? पण थंडीत काय घालायचं ते तेवढं नीट लिवा. लोक उगंच एक जाड कोट घालत्यात आन् आत कुडकुडत बसत्यात." तिचा शब्द मोडवत नाही, म्हणून तेही जमेल तसे लिहितो.

आंबोली

युद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे, म्हणून आमची सर्व्हिस मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे एक भलामोठा पिंप बांधलेला, त्यात कोळसे धुमसत असायचे. सपाटीवर ती कशीबशी धावे. घाट लागला की ड्रायव्हर निर्विकारपणे म्हणे, "उतरा." मग सगळ्या उतारूंनी चालत घाट चढायचा आणि वर जाऊन मोटरची वाट बघायची. तिकिटाचे पैसे मोटरीत बसण्याचे की मोटरीबरोबर चालण्याचे, हे मी त्याला विचारणार होतो, पण दम उरला नव्हता.

माझ्या अंगावर धोतर, सदरा आणि ड्रिलचा एक कोट. ह्या कोटावर मी आजवरचे सगळे हिवाळे काढले होते, म्हणून त्याच्यावर माझा फार विश्वास. आंबोलीच्या माथ्यावर धुक्यात उभे राहिल्यावर तो विश्वास उडाला. वारा बटणांच्या मधून आत शिरून पाठीतून बाहेर पडत होता. पिंपाजवळ ऊब घ्यायला गेलो, तर कोटाला काजळी लागली. शिवाय आक्कासाठी नेलेल्या सुक्या बांगड्यांच्या पुरचुंडीमुळे मोटरीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली आणि दोन्ही बाजूंनी थंडी खात मी बेळगावपर्यंत आलो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती बेळगावला अनगोळात दिलेली. तिचे यजमान, माझे भावोजी, तिथल्या कोर्टात वकील. घरात, दारात आणि कोर्टात सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे, इंदूचे, निपाणीला जमले होते आणि सुपारी फोडायला मामा पाहिजे म्हणून मला बोलावणे आले होते. निघताना मला फार आनंद झाला होता, हे इथे सांगून ठेवतो.

अनगोळ

भावोजी दारातच उभे होते. पाहताच मनात आले, माणूस काय भरला आहे. रुंद खांदे, भक्कम छाती, डोक्याला तांबूस फेटा, गळ्याभोवती गर्द तपकिरी मफलर. काळ्या लांब कोटाच्या खाली राखी जाकीट, जाकिटाच्या वर बोटभर दिसणारी हिरवट लोकर, आणि तिच्याही वर सदऱ्याच्या गळपट्टीची पांढरी रेघ. एकाखाली एक कपडे, आणि प्रत्येकाची नुसती कड दिसत होती. माझ्या काजळी लागलेल्या कोटाकडे त्यांनी पाहिले आणि मिशीत हसले.

दरवेळी ते मला कडकडून मिठी मारत. ह्या खेपेला त्यांनी लांबूनच हात जोडले. मला वाटले, बांगड्यांचा वास आला असेल.

जेवताना त्यांचे पान वेगळे, बाहेरच्या सोप्यावर मांडलेले. तांब्याही वेगळा. ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, लोण्याचा गोळा आणि माझे बांगडे भाजलेले. आमच्याकडे भात नसेल तर जेवल्यासारखे वाटत नाही, पण त्या थंडीत चुलीवरून थेट पानात पडलेली भाकरी मला भाताहून गोड लागली. भावोजी अर्ध्या भाकरीवरच पाणी प्यायले. आक्का त्यांच्या पानाकडे बघत राहिली आणि माझ्याशी वेंगुर्ल्याच्या माणसांच्या चौकशा करत राहिली. मला काहीच कळले नाही. मी बेळगावच्या हवेचे आणि भावोजींच्या तब्येतीचे कौतुक करत सुटलो होतो.

सकाळी कळले. गरम पाण्याचा तांब्या मागायला म्हणून मी मधल्या खोलीत डोकावलो. भावोजी स्टुलावर बसले होते आणि इंदू त्यांना कपडे घालत होती. त्या क्षणी त्यांच्या अंगात फक्त फ्लॅनेलची बंडी होती. खुंटीला सदरा टांगावा तसे ते दिसत होते. गळ्याच्या खाली दोन खळगे, दंड माझ्या मनगटाएवढे. मी चौकटीला धरून उभा राहिलो.

इंदूने मला पाहिले, पण हात थांबवला नाही. बंडीवर जाड सदरा. सदऱ्यावर आक्काने विणलेला, पुऱ्या बाह्यांचा, गळ्यातून घालायचा स्वेटर. त्यावर जाकीट. त्या जाकिटाच्या खांद्यांत आणि छातीत तिने आतून कापूस भरून टाके घातले होते. त्यावर कोट. मग मफलर, कानांच्या पाळ्यांपर्यंत चढवलेला, आणि फेटा भुवयांपर्यंत उतरवलेला. प्रत्येक कपडा घातला की ती दोन पावले मागे सरून बघे आणि पुढे होऊन एखादी कड ओढे. स्टुलावर बसलेला आजारी माणूस हळूहळू दिसेनासा झाला आणि काल दारात उभे असलेले वकीलसाहेब तयार झाले.

क्षय होता. मिरजेच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितले होते. भावोजींनी ते घरातल्या माणसांपलीकडे कोणाला कळू दिले नव्हते, कारण इंदूच्या लग्नाची बोलणी तेव्हाच सुरू झाली होती. ज्या घरात क्षय, त्या घरची मुलगी कोणी करत नाही. निपाणीची सुपारी फुटली तर इंदूचे नीट होणार होते. ती फुटायच्या आधी हे बाहेर पडले असते, तर निपाणीच नव्हे, सगळ्या मुलखात तिला कोणी विचारले नसते.

मी म्हटले, व्याह्यांना खरे सांगून टाकू. मास्तरकीची सवय, चटकन उपदेश केला. आक्का उठून आत गेली. भावोजी फेटा सारखा करत शांतपणे म्हणाले, "मास्तर, मी काय जास्ती जगायला मागत न्हाय. सुपारी फुटंस्तोवर उभं ऱ्हायचं हाय, एवढंच."

मी मागाहून इंदूला एकटीला गाठून विचारले, तुला हे पटते का. ती जाकिटाचा एक सुटलेला टाका घालत होती. म्हणाली, "मला कुठं लग्नाची घाई हाय, मामा. पण आप्पांना उभं ऱ्हायाचं हाय. मी कपडे घालते. माझ्या हातात दुसरं काय हाय?" आणि मग माझा ड्रिलचा कोट उचलून तिने बाजूला टाकला आणि मलाही कपडे घातले. थंडीत जाड एक घालू नये, पातळ चार घालावेत, म्हणजे दोन कपड्यांच्या मध्ये ऊब राहते. आतला कपडा अंगाला लागून असावा, बाहेरचा सैल. रंग आतून बाहेर गडद होत जावा. मळखाऊ कापड वर घ्यावे, पांढऱ्याची मात्र एक रेघ गळ्याशी दिसू द्यावी, नाहीतर माणूस आजारी दिसतो. हे शेवटचे वाक्य तिने इतरांसारखेच, टाका तोडता तोडता, सांगितले.

कॅंपातली चक्कर

मधले दोन दिवस भावोजी मला गाव दाखवत होते. टांग्याने किल्ल्यावरून कॅंपात. बेळगावची सकाळ अशी असते की रस्त्याच्या दोन्ही कडांची झाडे धुक्यात जातात आणि समोरून येणाऱ्याचे आधी फक्त पाय दिसतात. येळ्ळूरकडून दूध-लोणी घेऊन येणारे शेतकरी डोक्यावरून घोंगड्याची खोळ घेऊन चाललेले. गोऱ्यांच्या पलटणी, मिलिटरीच्या लॉऱ्या, चर्च, आणि त्यात ह्या सगळ्यांहून टापटिपीने चाललेले आमचे भावोजी. कोर्टातली दोन पोरसवदा वकील मंडळी भेटली. दोघांच्याही गळ्यात मफलरची तीच गाठ. माझ्या लक्षात आले, ती इंदूची गाठ होती. ह्यांचे बघून त्यांनी उचललेली. भावोजींना त्याचे फार सुख वाटत असे. मी दुकानाच्या पाटीकडे बघत उभा राहिलो.

कुंद्याच्या दुकानात शिरलो. कुंदा म्हणजे दूध आटवून आटवून तपकिरी केलेला गोड रवाळ गोळा. निपाणीला न्यायला दोन मोठे पुडे बांधून घेतले. तिथून चार दुकाने सोडून त्यांच्या शिंप्याचे दुकान होते. हुसेनभाई त्यांचे नाव. कॅंपातल्या साहेबांचे कपडे शिवणारा माणूस. भावोजींचे सगळे कपडे वर्षानुवर्षे त्यांच्याचकडे. आम्ही दारात दिसताच त्यांनी मांडीवरचे बदामी रंगाचे कापड घाईने चादरीखाली सारले आणि उठून सलाम केला. भारी खुशीत दिसले. "निपाणीला जाताय व्हय, वकीलसाब? जावा, जावा. खुशाल जावा," एवढे म्हणून हसत राहिले. बाहेर पडल्यावर मी म्हटले, शिंप्याला निपाणीचे काय ठाऊक. भावोजी म्हणाले, अनगोळात शिंक आली तरी कॅंपात ऐकू जाते.

मग त्यांनी एक हकीकत सांगितली. निपाणीचे व्याही, तात्या, मुलगी बघायला आले होते तेव्हा इंदूकडे त्यांनी एकदा पाहिले आणि उरलेला वेळ भावोजींच्या पोशाखाकडे पाहण्यात घालवला. तंबाखूचे मोठे व्यापारी, पैसा पाण्यासारखा, पण कपडे घातले की पोते घातल्यासारखे दिसतात, असे ते स्वतःच म्हणाले होते. असे नेटके कपडे कुणाकडून शिवता, हे त्यांनी दोनदा विचारले आणि भावोजींनी अभिमानाने हुसेनभाईंचे नाव सांगितले. हे सांगताना भावोजी लहान पोरासारखे खुलले होते.

तवंदीचा घाट

निपाणीला आम्ही चौघे निघालो. भावोजी, मी आणि अनगोळातले दोन वयस्क गृहस्थ. सुपारी पुरुषांनीच फोडायची, बायका घरी, अशी तिकडची चाल. आक्काने सगळ्यांच्या हातावर दही घातले. इंदू मफलर नीट करायला मोटरीपर्यंत आली. तिने बापाच्या कोटाच्या सगळ्या गुंड्या लावल्या आणि वरची एक सोडली, जाकीट दिसावे म्हणून.

काकती गेले, हत्तरगी गेले. रस्त्याच्या कडेला करड्या रंगाचे माळ, मध्येच जोंधळ्याची शेते आणि कुठे कुठे उसाची गुऱ्हाळे. संकेश्वरला हिरण्यकेशीच्या पुलाजवळ मोटर पाणी प्यायला थांबली. मी तिथे गरम गरम भजी खाल्ली आणि जीभ भाजून घेतली. भावोजी खाली उतरले नाहीत. इतके कपडे घालून चढणे-उतरणे हे त्यांना डोंगर चढण्याइतके जड पडे. घामाने त्यांचे कपाळ ओले झाले होते आणि तरी हात बर्फासारखे गार होते. मी त्यांचा हात हातात घेतला तर त्यांनी सोडवून घेतला. त्यांना माझी काळजी होती.

तवंदीच्या घाटावरून खाली निपाणी दिसते. दिसायच्या आधी तिचा वास येतो. तंबाखूचा कडवट, नाकात शिरून डोळ्यांतून पाणी काढणारा वास. गावात वखारी, वखारींसमोर उन्हात पसरलेले ढीग, ते काठ्यांनी बडवणाऱ्या बायकांची तोंडे फडक्यांनी बांधलेली. हवेतच तंबाखूची पूड. आम्ही उतरलो आणि मी जो खोकायला लागलो तो थांबेना. आमच्याबरोबरचे दोघेही खोकत होते. रस्त्यातला प्रत्येक माणूस खोकत होता. भावोजींनीही मनसोक्त खोकून घेतले, तोंडावर रुमाल धरून, आणि मला हळूच म्हणाले, "निपाणीत खोकल्याला कोण काय विचारत न्हाय, मास्तर. स्थळ काय उगंच धरलं न्हाय." ते हसले. मलाही हसावे लागले.

तात्यांचा सोपा

तात्या उंचेपुरे, मोकळ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांनी आम्हाला रस्त्यावर येऊन घरात नेले. सोप्यावर जाजम अंथरलेले, पाटावर तबक, तबकात हळदकुंकू, विड्याची पाने आणि मधोमध ती सुपारी. भटजी, सोयरेधायरे, शेजारचे व्यापारी मिळून सोपा भरला होता. मुलगा कोल्हापुरात शिकत होता. तो एका कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. मला आवडला. जेवणाचा वास आतून येत होता, मटणाचा आणि खोबऱ्याचा. सगळे इतके चांगले चालले होते की मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

भटजींनी सुपारी उचलली, तेवढ्यात तात्यांनी हात वर केला. त्यांच्या घरची एक रीत होती. सुपारी फुटायच्या आधी व्याह्याच्या अंगावर यजमानाने आपल्या हातांनी पोशाख चढवायचा, आणि मगच सोयरीक पक्की. त्यांनी आतून एक घडी मागवली. घडी उलगडली. बदामी रंगाचा लोकरी कोट, आत रेशमी अस्तर. ते कापड पाहताच मी ओळखले.

"वकीलसाहेब, तुमचा शिंपी आमी फोडलाय," तात्या खुशीत म्हणाले. "तुमच्याच मापानं शिवून घेतलंय. त्याला म्हटलं, वकीलसाहेबांना कळू द्यायचं न्हाय."

हुसेनभाईंकडे भावोजींचे शेवटचे माप होते ते इंदूने दिवाळीच्या आसपास शिवून घेतलेल्या आतल्या बंडीचे. अंगाला घट्ट बसणाऱ्या बंडीचे, उघड्या अंगावरून घेतलेले. शिंप्याच्या ध्यानात तेच माप ताजे होते आणि त्याने इमानाने त्याच अंगाचा कोट बेतला होता.

भावोजींनी कोट कपाळाला लावला आणि म्हणाले, घरी गेल्यावर घालतो. तात्यांचे म्हातारे चुलते म्हणाले, घातल्याशिवाय रीत कशी पुरी होणार. मी मध्ये पडलो, त्यांना थंडी फार बाधते म्हटले. तात्यांनी लगेच शेगडी मागवून त्यांच्या पायाशी ठेवली.

भावोजींनी काळा कोट काढला. तात्यांनी बदामी कोट पुढे धरला. बाही कोपरापर्यंत गेली आणि अडकली. सोप्यावर हसू झाले. कोणीतरी म्हणाले, निपाणीचं जेवण खायच्या आधीच वकीलसाहेब फुगले. जाकीट काढा म्हणाले. भावोजींनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी जाकीट काढून माझ्या हातात दिले. ते उशीसारखे जड लागले. मी ते झटकन उलटे करून मांडीखाली घेतले. पुन्हा बाही घातली. दंडात अडकली. पुन्हा हसू, पण आता थोडे कमी. स्वेटर राहिला होता. तो गळ्यातून काढायचा, म्हणजे आधी मफलर आणि फेटाही उतरवावा लागणार. भरल्या सोप्यात, शुभकार्यात, भावोजींनी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मग दोन्ही हात वर करून स्वेटर काढला.

कोणी हसले नाही. सदऱ्याची गळपट्टी मानेभोवती मोकळी लोंबत होती. कानशिलांचे खळगे, छातीचा पिंजरा, सगळे सदऱ्यातून दिसत होते. शेगडीचा उजेड खालून तोंडावर येत होता. तात्यांच्या हातात कोट तसाच धरलेला होता. भावोजींनी स्वतःच एक हात मागे करून बाही शोधली, मग दुसरी. कोट खांद्यावर बसला. कुठे एक सुरकुती नव्हती.

मग त्यांना खोकला आला. सोप्यावर सकाळपासून सगळेच खोकत होते, पण हा खोकला वेगळा होता आणि तो वेगळा आहे हे सगळ्यांना कळले. भटजींनी सुपारी तबकात ठेवली.

तात्यांनी एक केले. ते पुढे झाले आणि त्यांनी भावोजींच्या कोटाच्या गुंड्या एक एक करून लावल्या, वरपर्यंत. मग मंडळींना म्हणाले, वकीलसाहेबांना मोटर लागली आहे, सुपारीचे मागाहून बघू, आधी पानं घ्या. आम्हा दोघांना त्यांनी आतल्या खोलीत नेले आणि दार लोटले.

"कवापास्नं?" त्यांनी विचारले.

"उन्हाळ्यापास्नं," भावोजी म्हणाले. "पोरीला काय न्हाय. डॉक्टरनं तपासलीया. देवाशपथ."

तात्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. मग म्हणाले, "तुमचं खरं असंल. पण माझा थोरला ह्याच दुखण्यानं गेला, वकीलसाहेब. ह्याच खोलीत. त्याची आई अजून हितं झोपत न्हाय. तिला मी काय सांगू?"

भावोजींनी मान हलवली. भांडायला त्यांच्याकडे काही नव्हते, आणि मला तर तात्यांचा रागही धरता येईना. मी तात्यांच्या जागी असतो, मला मुलगा असता, तर मीही हेच म्हटले असते. ह्याची मला त्या खोलीत उभे असतानाच लाज वाटली.

भावोजी कोटाच्या गुंड्या सोडू लागले. तात्यांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ दे अंगावर," ते म्हणाले. "घाटात लई थंडी असती. आन् हे माझ्या तोंडनं कुठं जायचं न्हाय, एवढा भरवसा ठेवा."

त्यांनी शब्द पाळलाही असेल. पण सोपा भरलेला होता.

परत

मटणाचे जेवण आम्ही जेवलो. न जेवता उठणे बरे दिसले नसते. मला चव लागली नाही. कुंद्याचे पुडे तात्यांच्या बायकोने आत नेले होते, ते परत मागणे शक्य नव्हते. तिने मात्र उंबऱ्याआडून वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या.

घाटात मोटर गरम होऊन थांबली आणि आम्ही खाली उतरलो. ऊन कलले होते आणि वारा सुटला होता. माझ्या हातात कपड्यांचे गाठोडे. मी म्हटले, भावोजी, निदान स्वेटर चढवा. त्यांनी नको म्हटले. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून ते खालच्या निपाणीकडे बघत होते. "हलकं वाटतंय, मास्तर," ते म्हणाले. "लई दिस झाले असं हलकं वाटून." मीच कुडकुडत होतो, म्हणून त्यांनी मला गाठोड्यातले जाकीट घालायला लावले. घातले. खांद्यांत इंदूने भरलेला कापूस होता. मी तोंड फिरवून रडलो आणि तंबाखूचे निमित्त सांगितले, तोवर तंबाखू मैलभर मागे राहिली होती.

अनगोळात पोचलो तेव्हा दिवे लागत होते. दारात रांगोळी होती. आक्का ओवाळायला ताम्हण घेऊन उंबऱ्यात उभी होती आणि तिच्यामागे इंदू. आक्काने आधी भावोजींच्या तोंडाकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या गाठोड्याकडे, मग माझ्या अंगातल्या जाकिटाकडे. तिने ताम्हण खाली उंबऱ्यावर ठेवले.

इंदू पायऱ्या उतरून खाली आली. तिने बापाच्या पाठीवरून हात फिरवून खांद्याची शिवण पाहिली. बाही मनगटावर कुठे येते ते पाहिले. नेहमीसारखी दोन पावले मागे सरली आणि तिने सगळा कोट एकदा नजरेखालून घातला. मग पुढे होऊन तिने गळ्याजवळची वरची गुंडी सोडली, पांढरी रेघ दिसावी म्हणून.

"चांगला बसलाय, आप्पा," ती म्हणाली. "आता बाकीचं घालायला नको."

तिने माझ्या हातातले गाठोडे घेतले आणि बापाला धरून एक एक पायरी चढवत आत नेले.